लाईट बिल आपलं, बाजू मांडणार कोण?

मैत्रिणींनो, आपण बायका व्यवहाराला कच्च्या नाही. मेथीची जुडी घेताना रुपया कमी करून घेतो, किराणाच्या चिठ्ठीवरची बेरीज पुन्हा करून बघतो, दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडून ठेवतो. बचत गटाच्या वहीत दहा रुपयांचा फरक निघाला तरी सापडेपर्यंत कुणी उठत नाही. पण घरात एक कागद असा येतो की त्याच्यापुढे भल्या भल्या हिशेबी बायका गप्प होतात. तो कागद म्हणजे लाईट बिल! स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क... वाचता वाचताच डोकं गरगरतं. मग आपण काय करतो? सगळ्यात खालचा आकडा बघतो, एक सुस्कारा टाकतो आणि बिल घड्याळामागे खोचून ठेवतो.

हा दर ठरवला कुणी? ठरवताना आपल्याला कुणी विचारलं का? आणि आपण नव्हतो, तर आपल्या वतीने कोण बोललं? हे प्रश्न आपल्याला पडतच नाहीत. सरकारने ठरवलं असेल, एवढ्यावर विषय संपतो. पण गेल्या पंचवीस वर्षांत वीज ग्राहकाची बाजू मांडण्याची एक वाट आपल्या राज्यात तयार झाली आहे. ती कुणी तयार केली, कशी केली आणि आपल्या कड्या-आष्टीसारख्या भागातल्या घरापर्यंत ती किती पोचली, हे प्रत्येक घरातल्या बाईने समजून घ्यायला हवं. कारण लाईट बिल नावावर कुणाच्याही असो, त्याची झळ शेवटी स्वयंपाकघरालाच बसते.

मंडळाचा जमाना

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं २० जून १९६० रोजी, म्हणजे राज्याच्या जन्मानंतर दोन महिन्यांच्या आत. गावोगाव खांब रोवले गेले, तारा ओढल्या गेल्या, कंदिलाच्या काचा पुसण्याचं बायकांचं रोजचं काम सुटलं. हे मंडळाचं मोठं काम होतं, ते नाकारून चालणार नाही. आपल्याच जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. बीड जिल्ह्याची वीज राज्याला जाऊ लागली. आपल्या खेड्यांत मात्र दिव्याखाली अंधार, ही म्हण अक्षरशः खरी ठरली, हा भाग वेगळा.

त्या काळात वीज तयार करणारं मंडळ, पोचवणारं मंडळ, बिल देणारं मंडळ आणि दर ठरवणारंही मंडळच. पाठीशी सरकार. दर वाढला की वर्तमानपत्रात बातमी यायची, तेवढंच आपल्याला कळायचं. मंडळाचा खर्च किती, त्यातला वाजवी किती, उधळपट्टी किती, हे विचारण्याची जागाच नव्हती. दाद ना फिर्याद!

ग्राहक म्हणून बोलायला आपल्या राज्यातल्या बायका मात्र तेव्हाही मागे नव्हत्या. १९७२ च्या दुष्काळाच्या दिवसांत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईच्या विरोधात महिलांची संयुक्त समिती उभी राहिली. हातात लाटणं घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तर १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. एकत्र माल आणून घरोघरी वाटून घेण्याची तिची पद्धत पुष्कळशी गृहिणींच्याच बळावर चालली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्या कायद्याने वीजपुरवठ्यालाही 'सेवा' म्हटलं. म्हणजे सेवेत खोट निघाली तर ग्राहकाला दाद मागता येऊ लागली. पण दर ठरतानाच आपलं म्हणणं मांडायचं असेल, तर त्याची सोय त्या कायद्यात नव्हती.

एन्रॉनने शिकवलेला धडा

एन्रॉन हे नाव आपल्यापैकी चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना चांगलंच आठवत असेल. १९९२ साली या अमेरिकन कंपनीशी बोलणी झाली आणि डिसेंबर १९९३ मध्ये दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार झाला. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरजवळ तो प्रकल्प उभा राहणार होता. १९९५ साली सरकार बदललं, प्रकल्प रद्द झाला, पुन्हा बोलणी झाली आणि १९९६ साली नव्या अटींवर तो परत आला. पहिल्या टप्प्याची वीज १९९९ च्या मे महिन्यात सुरू झाली.

करार असा होता की वीज घेतली तरी पैसे आणि कमी घेतली तरी ठरलेला मोठा स्थिर खर्च द्यायचाच. त्यात डॉलर वर गेला की खर्च वर, इंधन महागलं की खर्च वर. घेतलेली वीज कमी आणि स्थिर खर्च तेवढाच, त्यामुळे एका युनिटचा भाव कधी कधी ७ रुपयांच्याही वर गेला. मंडळाचं कंबरडं मोडायची वेळ आली. अखेर २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणं थांबवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिकडे अमेरिकेत एन्रॉन कंपनीचंच दिवाळं वाजलं!

या प्रकरणात दोन गोष्टी आपण बायकांनी विसरू नयेत. एक, प्रकल्पाच्या परिसरातल्या कोळीणी विरोधाला पुढे होत्या. ३ जून १९९७ रोजी भल्या पहाटे वेलदूर गावात पोलीस शिरले, बायकांना घराबाहेर ओढून मारहाण झाली. जगभरच्या मानवी हक्क संघटनांनी त्याची नोंद घेतली. दुसरी गोष्ट पुण्यातली. 'प्रयास' नावाच्या संस्थेतल्या गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे यांच्यासारख्या शिकल्यासवरल्या तरुणांनी या कराराचा आकडेमोड करून अभ्यास केला. घोषणा देणारे पुष्कळ होते. यांनी कागद उघडला आणि हा करार ग्राहकाला किती रुपयांत पडणार ते मांडून दाखवलं. वीज ग्राहकाचा वकील कसा असावा, याचा एक नमुनाच लोकांपुढे आला. गिरीश संत २०१२ साली फार लवकर गेले, पण त्यांनी घालून दिलेली पद्धत राहिली.

आयोग आला, कपाट उघडलं

१९९८ साली केंद्राने वीज नियामक आयोगाचा कायदा केला. त्यानुसार ५ ऑगस्ट १९९९ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. दर ठरवण्याचं काम मंडळाच्या आणि मंत्रालयाच्या हातून आयोगाकडे गेलं. मंडळाने आपला जमाखर्च आयोगापुढे ठेवायचा, तो लोकांना बघायला मिळायचा, लोकांनी हरकती घ्यायच्या, जाहीर सुनावणी व्हायची आणि मग आयोगाने दर ठरवायचा. घरातल्या कर्त्या माणसाने पहिल्यांदाच खर्चाची वही सगळ्यांसमोर उघडावी, तसं हे झालं.

या कायद्यात आपल्या कामाचं एक कलम होतं. ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी आयोगाने प्रतिनिधी नेमावा, असं ते कलम सांगत होतं. त्यानुसार आपल्या आयोगाने चार संस्थांना मान्यता दिली : मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन. डॉ. अशोक पेंडसे यांच्यासारखे जाणकार सुनावण्यांमधून ग्राहकांच्या वतीने बोलू लागले. कोर्टात जसा आपला वकील उभा राहतो, तसाच हा प्रकार.

त्याचा उपयोग काय झाला? एक उदाहरण सांगते. वीज केंद्रातून निघालेली वीज आपल्या मीटरपर्यंत येताना काही वाटेत जिरते आणि काही चोरीला जाते. याला गळती म्हणतात. मंडळ वर्षानुवर्षं सांगत होतं की गळती १७-१८ टक्के आहे. आयोगापुढे हिशेब तपासला गेला तेव्हा कळलं की खरा आकडा ३० टक्क्यांच्याही वर आहे! मग एवढी वीज कागदावर जात कुठे होती? शेतीपंपांना मीटर नव्हते. त्यामुळे पंपांचा वापर फुगवून दाखवला, की गळती त्याखाली झाकली जायची. म्हणजे चोरी कुणाची, नाव शेतकऱ्याचं आणि भरपाई सगळ्या प्रामाणिक ग्राहकांच्या बिलातून! शेतकऱ्याच्या घरातल्या आपण बायका 'शेतीच्या फुकट विजेमुळे बिल वाढतं' असे टोमणे ऐकत आलो. त्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती, हे प्रश्न विचारणारं कुणीतरी समोर बसलं म्हणूनच उजेडात आलं.

२००३ चा कायदा : घरच्या ग्राहकाला मिळालेलं हत्यार

१० जून २००३ पासून नवा विद्युत कायदा लागू झाला. ६ जून २००५ रोजी मंडळाचे भाग होऊन वीज तयार करणारी महानिर्मिती, ती वाहून नेणारी महापारेषण आणि आपल्या घरी पोचवणारी महावितरण अशा कंपन्या झाल्या, त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी आली. आपलं देणंघेणं महावितरणशी.

या कायद्याने सामान्य ग्राहकाला बरंच काही दिलं. प्रत्येक वीज वितरण कंपनीने ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच स्थापन करायचा. त्या मंचाने न्याय दिला नाही असं वाटलं, तर विद्युत लोकपालाकडे जाता येईल. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूर इथे आहेत. आयोगाने मंचाचे नियम २००३ साली केले, २००६ साली बदलले आणि २०२० साली पुन्हा नव्याने केले. मंचावर अध्यक्ष आणि कंपनीचा अधिकारी असलेला सदस्य यांच्या जोडीला ग्राहक संस्थेतून आलेला एक सदस्य असतो. ही तिसरी खुर्ची आपली आहे!

कामाचे वेळापत्रकही ठरलं. आयोगाच्या २००५ च्या नियमांत खेड्यातली जळालेली डीपी ४८ तासांत बदलावी असं लिहिलं गेलं आणि ठरलेली वेळ पाळली नाही तर ग्राहकाला भरपाईची तरतूद झाली. आता त्याजागी २०२१ चे नियम आहेत. डीपी जळाली की गावाने वर्गणी काढायची, ट्रॅक्टर बघायचा, कुणाच्या तरी हातापाया पडायचं, हीच रीत आहे असं आपण धरून चाललो. त्यासाठी नियम आहे, मुदत आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

पण एका ठिकाणी नव्या कायद्याने हात आखडता घेतला. १९९८ च्या कायद्यात ग्राहकांचा प्रतिनिधी नेमणं आयोगाचं कर्तव्य होतं. २००३ च्या कायद्याच्या ९४ व्या कलमात 'आयोग नेमू शकेल' अशी भाषा आली. 'करीन' आणि 'जमलं तर करीन' यांतला फरक आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

भारनियमनाचे दिवस

२००५ नंतरची ती वर्षं आठवा. खेड्यांत बारा-बारा तास लाईट नसायची. पिठाची गिरणी रात्री सुरू व्हायची म्हणून दळणाचा डबा घेऊन अंधारात जायचं. पाण्याची मोटर पहाटे चालायची म्हणून झोप मोडायची. दहावीची पोरं कंदिलाजवळ, आणि शेवया-पापडाच्या मशीनवर पोट असणाऱ्या बायका दिवसभर रिकाम्या. त्या काळात सायंकाळी जड यंत्रं न चालवण्याचं गावाने ठरवलं तर संध्याकाळची वीज मिळायची, अशी 'अक्षय प्रकाश' योजना निघाली. एकमेकांना सांभाळून घेऊन काही गावांनी ती निभावलीसुद्धा.

त्याच सुमारास, २००६ साली पुणे शहर भारनियमनातून मोकळं झालं. कारखान्यांनी आपापली जनित्रं चालवून वीज वाचवायची आणि त्याचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या शहरी ग्राहकांनी उचलायचा, असा तो मार्ग होता. आयोगापुढे त्यावर सुनावणी झाली, ग्राहक संस्था बोलल्या, ३०० युनिटच्या आतल्या घरांवर बोजा पडू नये असं ठरलं. पुणेकरांचा हेवा करण्याचं कारण नाही. त्यांच्याकडे आकडे मांडणारी माणसं होती आणि बोलायला जागा होती, एवढंच त्यातून घ्यायचं. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, ही म्हण काही उगाच पडली नाही.

आणि आपला जिल्हा? २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळे पाणीच उरलं नाही म्हणून परळीचं केंद्र बंद करावं लागलं. वीज बनवायला पाणी नाही आणि पाणी उपसायला वीज नाही, असा दुहेरी फास मराठवाड्याने सोसला. दर ठरवताना, वीज कुणाला कधी द्यायची हे ठरवताना, हा अनुभव सांगणारं माणूस आपल्याकडचं असायला हवं की नको?

बाहेरच्या देशांत काय?

अमेरिकेत यासाठी सरकारी कचेरीच असते. मेरीलँड राज्याने १९२४ सालीच 'पीपल्स कौन्सेल', म्हणजे लोकांचा वकील नेमला. १९७६ साली ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांनी अशी कार्यालयं काढली. त्याआधीच्या तेलटंचाईने वीज आणि गॅसची बिलं भडकली होती, लोक चिडले होते, त्यातून ती निघाली. या कार्यालयात पगारी वकील असतात, हिशेबनीस असतात, वीजतज्ज्ञ असतात. कंपनीने दरवाढ मागितली की घरगुती ग्राहकांच्या वतीने तिला प्रश्न विचारणं, हेच त्यांचं काम. १९७९ साली अशा कार्यालयांची देशपातळीवर संघटनाही झाली.

आणि बायकांचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात १९७३ साली सिल्व्हिया सीगल नावाच्या बाईंनी 'टर्न' नावाची संस्था काढली. सरकारी खुर्ची नाही, हाताशी पैसा नाही. तरीही वीज, गॅस, टेलिफोन कंपन्यांच्या सुनावणीला जाऊन त्या ठाण मांडून बसायच्या. पुढे त्या राज्यात असा नियम झाला की आयोगापुढे ज्याच्या मांडणीचा निकालाला उपयोग झाला, त्याला त्याचा खर्च मिळावा. कारण तज्ज्ञ माणूस उभा करायचा तर पैसा लागतोच.

आपल्याकडे हे काम मुख्यतः संस्थांच्या आणि कार्यकर्त्यांच्या तळमळीवर चाललं. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना यांनी वर्षानुवर्षं दरवाढीच्या हरकतींसाठी लोकांना जागं केलं. पण मान्यता मिळालेल्या त्या चार संस्थांची नावं पुन्हा वाचा. दोन उद्योजकांच्या, एक मुंबईची, एक पुण्याची. सगळ्यांनी चांगलंच काम केलं, त्यांच्याविषयी तक्रार नाही. कारखानदाराची बाजू मांडायला त्याची असोसिएशन असते, फी देऊन माणूस लावता येतो. दोन बल्ब, एक पंखा आणि एक टीव्ही एवढ्यावर चालणाऱ्या घराची बाजू कोण मांडणार? ती बाई तर शेतात खुरपत असते! म्हणून घरगुती ग्राहकांसाठी, त्यातही खेड्यांसाठी, कायमचा आणि पगारी प्रतिनिधी असावा ही मागणी मला रास्त वाटते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२५ साली २८ मार्चला आयोगाने दर खाली आणणारा आदेश दिला. महावितरणने फेरविचार मागितला, काही दिवसांतच त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला सुधारित आदेश निघाला. प्रकरण पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेलं. एवढ्या उलथापालथी आपल्या बिलावर झाल्या आणि आपल्या ओट्यावर त्याची चर्चासुद्धा झाली नाही.

'मीटर तर सासऱ्यांच्या नावावर आहे!'

बचत गटात हा विषय काढला की बायका हमखास हे म्हणतात. मीटर सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन दहा वर्षं झाली, मग आपण कुठल्या ग्राहक? मैत्रिणींनो, कायद्यातली ग्राहकाची व्याख्या तुमच्या बाजूची आहे. ज्या जागेला वीज जोडलेली आहे, तिथे ती वापरणारी व्यक्तीही ग्राहकच. म्हणजे बिलावर नाव नसलं तरी तुम्ही बोलू शकता. तरीही वारस म्हणून नाव बदलून घेतलेलं बरं. घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव लावायची चळवळ झाली, तसं मीटरवरही लागू द्या की!

आता बिल हातात घ्या आणि पुढच्या गोष्टी बघा.

आधी मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग बघून आपल्या मीटरशी ताडून पाहा. रीडिंगच्या जागी सरासरी, लॉक किंवा फॉल्टी असा शेरा असेल तर ते बिल अंदाजाचं आहे. समजा, तुमच्या घरी महिन्याला ९० युनिट जळतात. १०० युनिटपर्यंतचा दर सगळ्यात कमी असतो. तीन महिने रीडिंग झालंच नाही आणि एकदम २७० युनिटचं बिल आलं, तर वरचे १७० युनिट महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. तसं होऊ नये म्हणून त्या युनिटची तीन महिन्यांत विभागणी करून द्यायला हवी. ती केली आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरं, बिल चुकीचं वाटलं तर तोंडी भांडून येऊ नका. अर्ज लिहा, दोन प्रती काढा आणि एकीवर पोचेचा शिक्का घ्या. १९१२ या क्रमांकावर तक्रार केली असेल तर तक्रार क्रमांक वहीत टिपून ठेवा. 'मी सांगितलं होतं' याला किंमत नसते, कागदाला असते.

तिसरं, थकबाकीसाठी वीज तोडायची तर १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाचा वाद चालू असेल तर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी किंवा मागितलेली रक्कम, जी कमी असेल ती, 'तक्रार राखून भरत आहे' असं लिहून भरता येते. तशी भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. कायद्याचं ५६ वं कलम हे सांगतं. रात्री अंधारात बसण्याच्या भीतीने आपण वाटेल तेवढी रक्कम उसनवारी करून भरतो, म्हणून हे कलम पाठच करून ठेवा.

चौथं, आपण वीजजोडणी घेताना भरलेल्या अनामत रकमेवर व्याज मिळतं. वर्षातून एकदा ते बिलात जमा दाखवतात. ते दिसतंय का बघा.

एवढं करूनही दाद लागली नाही तर मंचाकडे जा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण मंच म्हणजे कोर्ट नव्हे. वकील लावावाच लागतो असं नाही. साध्या मराठीत अर्ज करायचा, आपलं म्हणणं आपण किंवा आपल्या माणसाने मांडायचं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. मंचाच्या निकालाने समाधान झालं नाही तर ६० दिवसांत लोकपालाकडे.

अडचण आहे ती अंतराची. बीड जिल्हा महावितरणच्या लातूर परिमंडलात येतो. कड्याहून लातूर म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. ज्या बाईचं बिल चारशे रुपयांनी चुकलंय ती एवढा खर्च करून जाईल का? नाहीच जाणार. कागदावरचा हक्क तिच्या दारापर्यंत आलाच नाही, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून तालुक्याच्या गावी ठरलेल्या दिवशी तक्रारी ऐकायला माणूस बसावा, सुनावणी फोनवरूनही व्हावी, ही मागणी आपण ग्रामसभेत ठराव करून पाठवायला हवी.

आपणच आपले वकील

इथे एक स्पष्ट सांगते. बिल भरूच नका, असं मी म्हणत नाही. आकडा टाकून वीज घेणं ही चोरीच आहे आणि तिचा भार शेजारच्या प्रामाणिक बाईच्या बिलावर पडतो. वायरमनही आपलाच माणूस आहे. पावसात खांबावर चढताना त्याचा जीव जातो, हेही आपण पाहतो. भांडण त्याच्याशी नाही. जेवढी वीज घेतली तेवढ्याचे रास्त पैसे आणि दिलेल्या पैशांची नीट सेवा, एवढंच मागणं आहे. लोक एकत्र बोलले की फरक पडतो, हे २०२४ सालीही दिसलं. आधी पैसे भरायचे आणि मग वीज, अशा प्रीपेड स्मार्ट मीटरला राज्यभर विरोध झाला आणि सामान्य घरगुती ग्राहकांना ते लावणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं.

दरवाढीचा प्रस्ताव आला की त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते आणि प्रस्तावाचा सारांश मराठीतही मिळतो. त्यावर कुणीही हरकत पाठवू शकतं. त्यासाठी पदवी लागत नाही. आमच्या घरी महिन्याला किती युनिट जळतात, किती तास लाईट जाते, डीपी किती दिवसांनी बदलली, गिरणी बंद राहिल्याने किती नुकसान झालं, हे एका पानावर लिहायचं आणि खाली वीस बायकांनी सह्या करायच्या. तज्ज्ञ मंडळी आकडे मांडतीलच, पण चुलीपुढचा अनुभव त्यांच्याकडे नसतो. तो आपल्याकडे आहे.

प्रत्येक बचत गटात दोन बायका अशा तयार व्हाव्यात, ज्यांना बिल वाचता येतं. बारावी झालेल्या सुना आणि लेकी आहेतच की घराघरांत! महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं बिलांना द्या. कुणाचं सरासरीचं आलंय, कुणाचा मीटर बंद आहे, कुणाचं नाव बदलायचंय, याची यादी करा आणि अर्ज एकत्र नेऊन द्या. एकटी गेली तर 'बाई, उद्या या' म्हणतात. दहा जणी गेल्या तर खुर्ची देतात!

ग्राहकाचा सरकारी वकील आपल्या गावात यायचा तेव्हा येवो. तोवर घड्याळामागे खोचलेली सगळी बिलं बाहेर काढा, तारखेप्रमाणे लावा आणि एका पिशवीत घालून पुढच्या बैठकीला घेऊन या.